भडका पार्टीची सुपारी

१० ऑगस्ट १९७६

ही वही आकारामनं आणून दिली. म्हणाला, "आज्जे, दिसभर बोलत असतीस, त्यातलं निम्मं हितं लिव्ह. आमचं कान तरी निवत्याल." आकाराम माझा नातू. त्याचे आईबाप गेले तेव्हा तो गुडघ्याएवढा होता, मीच वाढवला, म्हणून जीभ माझ्यावर गेली आहे. मी शाळेत गेले नाही. प्रौढांच्या वर्गात अक्षरं शिकले. जोडाक्षर आलं की अजून ठेच लागते.

लिहायचं काय, तर भीती. सध्या दुसरं काही पिकत नाही. जीपचा आवाज आला की आमच्या कण्हेरवाडीतले बाप्ये उसात शिरतात. नसबंदीची मोहीम आहे. गावागावावर आकडा बसवलाय, इतक्या केसी द्या. माणसाला केस म्हणतात. आधी तीन पोरांचे बाप नेत होते. आता आकडा भरेना, तर मिशी फुटलेली दिसली की पुरे. आकारामचं लग्न याच वैशाखात झालं. त्याच्या बायकोला, रंगूला, अजून घरातली मिठाची बरणी सापडत नाही. आकारामच्या मागं या घरात कोणी नाही. त्याला टेबलावर घातलं तर आमचं दार तिथंच बंद.

१४ ऑगस्ट

आमचा धंदा वाजपाचा. माझा मालक जोतीराम लढाई संपल्यावर पलटणीच्या बँडातनं आला, तेव्हा पेन्शन नव्हती, एक चेमटलेला ट्रंपेट होता. त्यावर 'जोतीराम ब्रास बँड' उभा केला. रहिमतपुरापासून मिरजेपर्यंत आमच्याशिवाय वरात हलत नसे. मांडवात आमची पंगत शेवटची, तीही बाहेर, पण नवरदेव निघायचा तो आमच्या मागं. मालक गेल्यावर बँड मी चालवला. कोण प्यायलाय, कुणाचे ओठ फुटलेत, कुणाला पुढं घालायचं, सगळं मीच बघते.

आकारामनं तीन वर्षांत त्याची माती केली. बेंजोला वायर जोडली, ती कर्ण्यात घातली, बॅटरी हातगाड्यावर ठेवली. बरोबर दोन मित्र. धुळा ढोल बडवतो आणि गुंडा ओरडतो, त्याला ते गाणं म्हणतात. नाव ठेवलं 'भडका पार्टी'. घरात ओली फाटी पेटत नाहीत आणि बँडाला भडका. गाणी स्वतःच रचतात. रॉकेलच्या रांगेचं, एस्टीच्या कंडक्टरचं, सोसायटीच्या चेअरमनच्या पोटाचं. तोंडात पान घालावं, ते भिजायच्या आत गाणं संपतं. मी विचारलं, "झालं एवढ्यात?" तर म्हणतो, "सांगायचं संपलं की गाणं संपलं. उगं ताणायचं कशाला?" गेल्या गणपतीत मिरजेला लोकांनी दगड मारले आणि तेच लोक पुन्हा वाजवा म्हणाले. असलं वाजप मी जन्मात पाहिलं नाही.

२२ ऑगस्ट

आज मोहिमेचा साहेब दारात आला. जीप बघून आकाराम मागच्या दारानं निघाला होता. साहेबाबरोबरचा ग्रामसेवक नानासो म्हणाला, "आरं, पळतूस कशाला? काम घिऊन आलोय."

काम असं की जीप दिसली की गाव पळतं, तर आधी बँड पाठवायचा. बँड ऐकून लोक चावडीपुढं जमतील, मग मागनं साहेब येऊन बोलणार. चातुर्मासात आम्हाला लग्नं नसतात, वाद्यं खुंटीला टांगलेली. मी विचारलं, "आन् आमची पोरं?" साहेब म्हणाला, "बँड मोहिमेचं काम करतोय तोवर बँडातल्या माणसाला कोणी हात लावणार नाही."

मी सुपारी घेतली. आमच्या धंद्यात काम ठरलं की गिऱ्हाईक हातावर सुपारी ठेवतं. तिच्यावर मूठ मिटली की घरात मढं पडलं तरी वाजवायला जायचं. जोतीरामची आई सकाळी गेली आणि दुपारी तो वरातीपुढं फुंकत होता.

आकाराम माझ्या मुठीकडं बघत राहिला. "आज्जे, काय केलंस ह्ये?"

"तुला वाचवला," मी म्हटलं. तर उठून गेला. उपकाराची जाण नाही.

५ सप्टेंबर

गावं चालू आहेत. मी बॅटरीशेजारी गाडीत बसून जाते, कारण ही पोरं एकटी सोडायच्या लायकीची नाहीत. वाजपाचा नियम आहे, वेशीत पाय ठेवल्याशिवाय पहिला सूर काढायचा नाही. दम गावासाठी ठेवायचा. ही गाढवं शिवेवरच सुरू करतात, ओढ्यापलीकडं, जिथं ऐकायला कावळे. गुंडा एकच ओळ कर्ण्यातनं ओरडतो, "आली रं आली, पावनी आली." पत्रा घासल्यासारखा बेंजो आणि वर धुळाचा ढोल.

चावडीपुढं पोहोचावं तर दोन म्हाताऱ्या, एक आंधळा आणि शेळ्या. साहेब मागनं आला. शेळ्यांपुढं काय बोलणार? आतापर्यंतच्या तिन्ही गावांत हेच झालं. मी येताना पोरांना सोलून काढलं. "मालक असता तर ट्रंपेट डोक्यात घातला असता. सगळा दम शिवंवर, गावात आल्यावर फुस्स. माणसं जमत्यालच कशी?"

आकाराम म्हणाला, "तोंड गरम कराय लागतंय, आज्जे." धुळा ढोलाआड तोंड घालून हसला.

१९ सप्टेंबर

नानासो एकटाच आला. चहा घेतला. गोडीनं विचारलं, "म्हातारे, तुझी पोरं शिवंवरनंच का वाजवत्यात गं? तुझ्या मालकाच्या वक्ताला आसं न्हवतं."

तीन वर्षांत पहिल्यांदा कोणी माझ्या धंद्यातलं मला विचारलं. मी म्हटलं, "आवं नानासो, मी सांगून सांगून दमले. वेशीपासनं वाजवायचं असतंय. ही हटकून शिवंवरनं सुरू करत्यात. रोज. एक गाव सोडलं न्हाई."

"रोज?"

"रोज. आन् ओळ बी तीच."

त्यानं दुसरा चहा मागितला. मी साखर जास्त घातली. माणूस समजदार वाटला.

२४ सप्टेंबर

नवा हुकूम. पोरांनी वाद्यं घेऊन साहेबाच्या दुसऱ्या जीपमधे बसायचं. चावडी येईपर्यंत एक सूर काढायचा नाही. अखेर वाजपातलं कळणारा कोणी भेटला. मला जीपमधे जागा नाही म्हणाले. आकाराम जेवला नाही. जीपमधे पोट ढवळतं म्हणून असेल.

२७ सप्टेंबर

पोरं भिवडेवाडीहून आली. धुळानं ढोल अंगणात टाकला. ठेवला नाही, टाकला. माझ्याकडं बघितलं आणि निघून गेला.

भिवडेवाडीत बँड एकदम चावडीतच वाजला. गावाला वाटलं कुणाची तरी मिरवणूक आली, लोक पोरं कडेवर घेऊन बाहेर आले. रस्त्याची दोन्ही टोकं पोलिसांनी धरली होती. धुळाचा थोरला भाऊ तिथं दिलेला आहे, घरजावई. त्याला नेला. एक पोरगा नेला, ज्याची अजून सोयरीकही झालेली नाही. एक म्हातारा नेला, ज्याची बायको जाऊन जमाना झाला.

रंगू चुलीपुढं होती. ती या घरात आल्यापासून व्हय आणि न्हाई याच्यापुढं बोललेली नाही. आज बोलली. "आज्जी, पोरं चुकत नव्हती."

"म्हंजी?"

"शिवंवरनं वाजवायची ती लोकांनी पळावं म्हणून. कर्णा ऐकला की बाप्ये उसात जायचे. समद्या गावांस्नी म्हाईत हुतं." मग फुंकणी खाली ठेवून म्हणाली, "तुमी नानासोला सांगितलंसा."

मी ढोल उचलून आत घेतला. कातडं एका अंगानं गेलं होतं. ते बदलायला लागेल. चहा मीच पाजला होता, साखरही मीच जास्त घातली होती. एवढं लिहिलं, बास.

३ ऑक्टोबर

परवा नानासो आला, बसला नाही. "म्हातारे, शिवंवर काय चाललं हुतं त्ये सायबाला कळलंय. आता आकडा जितका कमी पडंल तितक्या केसी बँडातनंच भरायच्या."

मी फडताळातली सुपारी आणून त्याच्यापुढं धरली. आयुष्यात परत केली नव्हती. "ही घ्या. आमी वाजवत न्हाई."

तो म्हणाला, "सरकारची सुपारी परत व्हत न्हाई."

तेव्हापासून घरात कुणी मोठ्यानं बोलत नाही. गिरणीचा पट्टा सुरू झाला तरी मला जीप वाटते. काल वरल्या आळीत भांडं पडलं आणि रंगूच्या हातातलं पीठ सांडलं. धुळाची सुपारी फुटली आहे, लग्न मार्गशीर्षात. गुंडा अजून पोर दिसतो. आकाराम मात्र ताडमाड वाढलाय, लांबून दिसतो. उंची कुणी सांगितली होती.

६ ऑक्टोबर

एस्टीनं साहेबाच्या कचेरीत गेले. शिपाई अडवत होता, त्याला म्हटलं, "बाजूला हो, तुझ्यासारखी मी कडेवरनं उतरवल्यात." साहेब मान खाली घालून काही लिहीत होता. मी उभ्यानंच बोलले.

"सायेब, तुमच्या बापाला कुणी आसं जीपमदी घातलं असतं, तर आज ह्या खुर्चीवर नुसती धूळ बसली असती. माझ्या घरात एक दिवा हाय. त्यो इझवून तुमचा आकडा किती वाढणार हाय?"

शिपायानं तोंड फिरवून हसू गिळलं. साहेब हसला नाही, रागावलाही नाही. एवढंच म्हणाला, "म्हातारीला बाहेर न्या." घाम सुटला होता मला. पण बोलायचं ते बोलले.

१५ ऑक्टोबर

देवानं कधी नव्हे ते ऐकलं, का साहेबानं, कोण जाणे.

आकाराम गेला आठवडाभर मिरजेला होता, ट्रंपेटचा दट्ट्या दुरुस्त करायला. काल आला. दट्ट्या आहे तसाच अडकतो, कारागिरानं फसवलं त्याला. वर एस्टीत उभं राहून जांघेत करट झालंय, पाय फाकून चालतो. मी म्हटलं, "दाखीव, लिंबाचा पाला बांधते." तर अंगावर आला. एवढा घोडा झाला, आजीपुढं लाजतो. येताना तुपाचा डबा आणलाय. "कुठनं रं?" तर म्हणे बक्षीस मिळालं. त्याच्या बेंजोला तूप देणारा माणूस मिरजेत आहे म्हणायचा.

आणि आज सकाळी नानासो स्वतः आला. सुपारी परत घेतली. म्हणाला, "तुमचं काम झालं. बँडातल्या कुणालाबी आता बोलावणं येणार न्हाई." माझ्याकडं बघेना. बघेल कसा, कचेरीत मी काय काय बोलले ते त्याच्या कानावर गेलं असणार. मी सगळ्या आळीला सांगितलं, जिभेला हाड नसतं पण जोर असतो.

त्या तुपाचा शिरा केला. आकारामनं घास घेतला नाही. रंगू डबा बघूनच बाहेर गेली. धुळा आला होता, तो आकारामच्या पायाशी बसून राहिला. सुटलो म्हणून माणसानं हसायचं, तर ही मयताला आल्यासारखी. शिरा मी एकटीनं खाल्ला. चांगला झाला होता.

२ डिसेंबर

भीती गेली म्हणून लिहिलं, ती आमच्या घरची. गावांची कुठं जाते. आज शेजारच्या वाडीत वरात. आम्ही वेशीत, नियमानं, पहिला सूर काढला आणि मांडव रिकामा झाला. वऱ्हाडी ज्वारीत, स्वयंपाकी उसात. नवरदेव मुंडावळ्यांसकट पळाला, त्या बाभळीला अडकल्या. भटजी तेवढा बसून राहिला, त्याला बसल्यावर उठता येत नाही. नवरीचा मामा शपथा घेत शिवारभर फिरला, तेव्हा कुठं नवरदेव बाहेर आला. लोक हसत होते. मला हसू आलं नाही. तीस वर्षं आमचं वाजप ऐकून लोक घरातनं बाहेर यायचे.

२३ मार्च १९७७

सरकार पडलं. रहिमतपुरात गुलाल. आम्हाला बोलावणं होतं. पहिली थाप पडली तशा दोन म्हाताऱ्यांनी नातवांना आत ओढून दारं लावली. मग उघडली. सवय आहे, जाईल हळूहळू.

मी आकारामला म्हटलं, "वाचलास बाबा. आता दिवाळीपतुर पाळणा हलू दे." तो बेंजोची तार पिळत होता. ती तुटली. बोटातनं रक्त आलं.

४ जून १९७८

पाळणा नाही. भडका पार्टी मात्र लय चालली आहे. सांगलीत कॉलेजची पोरं त्यांना खांद्यावर घेतात. कवठे महांकाळला लोक बैलगाड्या जोडून आले. गाणी पहिल्यापेक्षा आखूड आणि पहिल्यापेक्षा तिखट. आकाराम पूर्वी वाजवायचा नुसता, आता ओरडतो. मानेची शीर फुगते, वाटतं फुटेल. मला त्याचं ओरडणं ऐकून भ्या वाटतं. गाणं म्हणणारा असा ओरडत नाही, विंचू चावलेला ओरडतो.

शेजारची दगडाबाई रोज विचारते, "न्हाई काय अजून?" रंगूला मिरजेला डॉक्टरीणबाईला दाखवलं. ती म्हणाली, "हिच्यात काही दोष नाही. नवऱ्याला घेऊन या." मी म्हटलं, "आमच्यात नवऱ्याला न्हाई दाखवत." वाटेत रंगूला बोलले. काय बोलले ते लिहीत नाही, पण कमी बोलले नाही.

१९ जानेवारी १९७९

माझे गुडघे गेले. पोराविना रिकाम्या अंगणाकडं बघवत नाही. आज रंगूला सांगितलं, जत्रा झाली की तू माहेरी जायचं. दगडाबाईनं कवठे महांकाळकडची पोरगी बघितली आहे. आकारामला एवढ्यात बोलू नकोस म्हटलं.

रंगू म्हणाली, "बरं."

भांडली असती तर मला बळ आलं असतं. भांडणाऱ्या माणसाची भीती वाटत नाही. हिनं "बरं" म्हणून ताक घुसळायला घेतलं. मला उगाच धडकी भरली.

१७ एप्रिल

जत्रा झाली. जे झालं ते तसंच लिहिते.

उन्हं उतरल्यावर देवळापुढच्या पटांगणात भडका पार्टी उभी राहिली. पाच-सहा वाड्यांची माणसं. मी बायकांत पुढं बसले. दगडाबाई शेजारी, रंगू मागं, गाठोडं तिनं सकाळीच बांधून ठेवलं होतं. चेअरमनच्या पोटाचं गाणं झालं, रॉकेलचं झालं. मग आकारामनं बेंजो खाली ठेवला. म्हणाला, "ह्ये नवीन हाय. ह्याला वाजप न्हाई. फकस्त ढोल."

धुळानं ढोल सुरू केला. गुंडा ओरडला, "कापला कुनाला?"

आकाराम म्हणाला, "मला."

"कापला कुनाला?"

"मला."

"कशापायी?"

"तुपाच्या डब्यापायी. दोस्ताच्या लग्नापायी. सायबाच्या आकड्यापायी."

"कापला कुनाला?"

"मला."

एवढंच गाणं. लोकांना पहिल्यांदा हसू आलं, मग कुणी हसेना. मी दगडाबाईकडं बघितलं, ती माझ्याकडं. तुपाचा डबा म्हटल्यावर माझ्या जिभेवर शिऱ्याची चव आली आणि ती जाईना. मिरज, करट, अडकलेला दट्ट्या, नानासोची खाली गेलेली नजर, सगळं एकापाठोपाठ माझ्यापुढं येऊन बसलं. एवढी तोंडाळ मी, आणि दोन-अडीच वर्षं माझ्याच घरात आंधळी.

गुंडानं पुन्हा विचारलं, "कापला कुनाला?" आकारामच्या आधी गर्दीतनं आवाज आला, "मला." धुळाचा भाऊ होता. भिवडेवाडीचा. मग डाव्या बाजूनं एक म्हातारा उभा राहिला, काठीवर. "मला बी." मग अजून एक. बायका पदर तोंडाला लावून बघत होत्या, कोण उभं राहतं ते. ज्यांनी आजवर बायकोशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं, ते उभे राहत होते. धुळा रडत बडवत होता. त्या गर्दीत नानासोही होता. तो उठून बाहेर निघाला, पण माणसं वाटेतनं हललीच नाहीत. त्याला गाणं संपेपर्यंत उभं राहावं लागलं.

मी मागं वळले. रंगू ढोलाकडं बघत बसली होती. तिला आधीपासनं माहीत होतं. करटाच्या दिवसापासनं. "साहेब म्हणाला, बँडातला एक जण द्या म्हंजी बाकीची सुटली," तिनं घरी आल्यावर सांगितलं. "धुळाचं लगीन ठरलं हुतं. म्हणून ह्ये गेले. तुपाचा डबा तिथंच दिला. तुमास्नी सांगू नगं म्हणले, तुमी खचशीला." आणि मी तिला वांझ म्हणत होते, दारात, चारचौघीत. एकदाही तिनं माझा शब्द मला परत केला नाही.

१८ एप्रिल

सकाळी दगडाबाई उंबऱ्यात आली. "आता ह्या पोरीचं काय करायचं?"

"कोंच्या पोरीचं?"

"कवठ्याकडच्या. त्यांस्नी काय सांगू?"

"सांग, आमच्याकडं सून हाय," मी म्हटलं. "आन् तुला घरात काय काम नसलं तर माझी ज्वारी निवडून दे." गेली.

आकाराम उशिरा उठला. माझ्याकडं न बघता चूळ भरली. मीही बघितलं नाही. काय बोलणार? भिवडेवाडीचं माझ्या अंगावर आहे, ते तो कधी बोलला नाही, कापल्याचं त्याच्या अंगावर आहे, ते मी कसं बोलू? शेवटी म्हटलं, "गळा बसलाय तुझा. गरम पानी घे." त्यानं घेतलं.

दुपारी निरोप आला. नानासो म्हणतो, ते गाणं पुन्हा म्हटलं तर बँडाला कुठंही परवाना मिळू देणार नाही. सरकार पडलं तरी तो आपल्या जागेवरच आहे. आज सांगलीला कार्यक्रम. आकारामनं मला विचारलं, "काय करायचं, आज्जे? बँड तुझा हाय."

मला भीती वाटते. परवाना गेला तर बँड गेला, बँड गेला तर या घरात दुसरं काही नाही, आता पुढंही काही यायचं नाही. म्हटलं, "पहिलं तेच म्हणा. दम असतो तवा."

टेम्पो आला. पोरं सामान चढवू लागली. रंगू गाठोडं सोडून धुतलेलं लुगडं नेसून बाहेर आली. म्हणाली, "आज्जी, मी येऊ?"

आमच्या घरातली सून आजवर बँडाबरोबर गेलेली नाही. मी जाते ते मालकीण म्हणून. सगळी माझ्याकडं बघायला लागली, टेम्पोवाला सुद्धा.

म्हटलं, "डायवरच्या शेजारी बस. मागं धक्के लय बसत्यात."